शोकसभेचं प्रात्यक्षिक

इजहारनं आयुष्यातलं पहिलं भाषण केलं आणि ते इतकं चांगलं झालं की त्यात वाघमोडे सरांची नोकरी गेली.

पण ते सोडा. आत्ता अजून तसं काही झालेलं नाही. सर जागेवर आहेत, नोकरी जागेवर आहे, टेंभुर्णीत सगळं आलबेल आहे. आपण आपलं सुरुवातीपासून बघू.

टेंभुर्णीत रामरावांच्या संस्थेचं कॉलेज आहे. तिथं बी.ए.च्या पोरांना 'वक्तृत्व आणि संवादकौशल्य' असा एक विषय होता आणि तो परमेश्वर वाघमोडे सर शिकवायचे, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे तास चालू असेपर्यंत माणूस प्राध्यापक आणि घंटा वाजली की बेकार. सर त्यामुळे घंटेनंतरही बोलत राहायचे.

इजहार हा चांदपाशा मणेरांचा मुलगा. चांदपाशांचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. चांदपाशा बोलायला लागले की एका हातात भरायला आलेली बाई दोन्ही हात भरून, वर सुनेचं माप सांगून, वेशीपर्यंत गेल्यावर शुद्धीवर यायची. त्यांच्या पोटी हा इजहार. इजहार म्हणजे मनातलं उघड बोलून दाखवणं. नाव आजीनं ठेवलं होतं, अकबरबीनं. नातू काही बोलेना तेव्हा ती म्हणाली, "नाम रखना मेरा काम था. आगे का वो देख लेगा."

त्यानं काही बघून घेतलं नाही. दुकानात, मित्रांत, घरात एखाददुसरा शब्द निघायचा. पण चार माणसं आपल्याकडे बघताहेत असं कळलं की घसा कुलूप लावून निघून जायचा. हजेरीला तो नुसता हात वर करायचा आणि शेजारची रेणुका त्याच्या वतीनं "यस सर" म्हणायची. एकदा रेणुका लग्नाला गेली, तर दोघंही गैरहजर लागले.

वाघमोडे सरांनी सगळे उपाय करून बघितले. आधी आरसा. इजहार आरशासमोर उभा राहिला आणि आतल्या माणसाला बघून लाजला. मग सरांनी त्याला आपल्या आईच्या मेंढरांसमोर उभं केलं. सरांची आई बायनाबाई गावाबाहेरच्या माळावर मेंढरं राखायची. मेंढरं चरत होती तोवर ठीक चाललं होतं. "सन्माननीय" असा शब्दही बाहेर आला. मग सगळ्या मेंढरांनी एकदम मान वर करून बघितलं. गर्दी ती गर्दी. इजहार गप्प.

"लेकरा, त्ये काय तुला खात्येत व्हय?" बायनाबाई म्हणाली. मेंढरं खात नाहीत, हे इजहारलाही माहीत होतं.

शेवटी सरांकडे एकच पद्धत उरली, ती म्हणजे वाट बघणं. तासाला प्रश्न विचारायचा, इजहारकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर बघायचं आणि थांबायचं. बाकीचे मास्तर "बस खाली" म्हणायचे. सर म्हणायचे नाहीत. कधीकधी अख्खा तास तसाच जायचा. पोरं आधी हसली, मग कंटाळली, मग त्यांनाही सवय लागली. घंटा वाजली की सर खडू ठेवून म्हणायचे, "आज लई जवळ आल्ता इजहार." आणि खरंच तसं झाल्यासारखे खूश होऊन जायचे.

तर एके दिवशी संस्थेचे अध्यक्ष रामराव कॉलेजात आले आणि म्हणाले, विषय बंद.

"साहेब, कामून?"

"आवो वाघमोडे, टेंभुर्णीत बोलायला कोण लाजून राह्यलंय? हितं गप बसायला शिकवायचा विषय काढा. त्याला मी मंत्रालयातून मंजुरी आणतो."

"एक जण लाजतोय, साहेब. चांदपाशांचा इजहार."

रामराव हसले. मग त्यांचं हसू थांबलं आणि डोळ्यांत पंचाची चमक आली. "असं करा. त्या पोराला माइकवर उभं करा. वर्गात न्हाई, वर्गात काय कोण बी बोलतंय. सगळ्या गावानं ऐकलं पाह्यजे. बोललं, तर तुमचा विषय चालू, तुम्ही चालू. न्हाई बोललं, तर राम राम."

इजहार दाराशीच उभा होता. त्यानं हे सगळं ऐकलं. सर जाणार की राहणार, हे आता आपल्या घशावर आहे, हे कळल्यावर त्याचा घसा जो होता तोही बसला.

आता इथं गावाची एक रीत सांगायला पाहिजे. आमच्या भागात कुणी वारलं की दहाव्याला नुसते कावळे बघत नाहीत, भाषणं होतात. ज्यांनी मयताला जन्मात कधी नमस्कार केला नाही तेही उठून दोन शब्द बोलतात. आणि या भाषणात जर कुणी शब्द दिला तर तो पाळावाच लागतो, कारण मयताला दिलेला शब्द परत मागायचा कुणाकडे? रामरावांनी एका दहाव्याला भावनेच्या भरात सगळ्यांसमोर चहा सोडला होता. पुढं त्यांचे हाल कुत्रं खाईना. डोकं दुखायचं, सभा आटोपत्या घ्याव्या लागायच्या. मग दुसऱ्या एकाचा दहावा आला. त्यात रामराव उठले आणि गदगदून म्हणाले, "जाताना अण्णा मला म्हन्ले, रामराव, तुम्ही चहा घेत जा." तेव्हापासून घेतात. एका शोकसभेतली गाठ दुसऱ्या शोकसभेतच सुटते, हे गावानं मान्य केलेलं आहे.

सर अशाच एका दहाव्याला भोकरदनला गेले होते. तिथं एक माणूस माइक धरून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, डोळे पुसले आणि एक अक्षर न बोलता खाली बसला. शेजारचा म्हातारा सरांना म्हणाला, "काय बोलला हो! काळजाला हात घातला."

सर तिथून एसटीत बसेपर्यंत पळत आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इजहारला बोलावलं.

"वर्गात घसा अडला तर त्याला भीती म्हणत्येत. दहाव्याला अडला तर त्याला दुःख म्हणत्येत. घसा तोच आहे का न्हाई? मंग आपण जागा बदलू. तू शोकसभेत बोलायचं. अडला तर अडला, लोक रडतील. कुणी हसणार न्हाई, कुणी 'जोरात बोल' म्हणणार न्हाई."

इजहारनं मानेनंच विचारलं, कोणाच्या?

"माझ्या," सर म्हणाले. "दुसऱ्याला कशाला तकलीफ?"

इजहारनं दोन्ही हात हलवून नको नको केलं. पण तो काय बोलणार?

बाजाराचा दिवस ठरला. मंडप रेणुकाच्या भावाचा, बिरूचा. बिरूला मंडप सांगितला की तो एवढंच विचारतो, "सुखाचा का दुःखाचा?" सर म्हणाले, "दुःखाचा." बिरूनं पांढरं कापड लावलं, टेबल मांडलं, त्यावर सरांचा मोठा केलेला फोटो, फोटोला हार, उदबत्त्या. गावानं ऐकलं पाहिजे ही रामरावांची अट असल्यामुळे कर्णे बांधले ते बाजारात, एसटी स्टँडवर, वेशीवर आणि एक माळाच्या दिशेनं तोंड करून. सर स्वतः फोटोमागच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसले, कारण मयतच समोर बसून मार्क देत असेल तर माणूस मोकळेपणानं रडणार कसा?

रेणुकानं माइक घेऊन स्वच्छ सांगितलं, "ही खरी शोकसभा नाही. हे आमच्या विषयाचं प्रात्यक्षिक आहे. सर ठणठणीत आहेत." तिनं ते दोनदा सांगितलं. पण टेंभुर्णीत कार्यक्रमाचं पहिलं काही कुणी ऐकत नाही. पहिलं नेहमी "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" आणि अध्यक्षांची वाट बघणं असतं. गाव कान देतं ते नंतर. आणि नंतर इजहार होता.

तो माइकसमोर आला. समोर वर्गातली पोरं. त्यानं फोटो बघितला. हारातले सर बघून त्याचा घसा नेहमीप्रमाणे बंद झाला. कर्ण्यांतून गावभर नुसता श्वास ऐकू येत राहिला. बाजारात मापं थांबली. भाजीवाली शेजारणीला म्हणाली, "कोण गेलं गं? लई जवळचं दिसतंय."

मग तो बोलला.

"वाघमोडे सर," इजहार म्हणाला, "आता नाहीत."

आपलाच आवाज चौकातून फिरून आपल्या कानात आलेला त्यानं पहिल्यांदाच ऐकला. तो दचकला. पण फोटो हसत होता, घाई करत नव्हता. त्याला वाटलं, हे तर नेहमीसारखंच आहे. सर खिडकीबाहेर बघताहेत, एवढंच.

"सगळ्यांनी मला बस म्हणलं. सरांनी न्हाई म्हणलं. सर थांबायचे. माझ्यासाठी अख्खा तास थांबायचे. मी बोलायचो न्हाई आणि सर म्हणायचे, आज लई जवळ आल्ता. मला माहीत होतं, मी जवळ बिवळ काही आलो नव्हतो. पण ते म्हणायचे म्हणून मी दुसऱ्या दिवशी यायचो. आज मी आलोय, सर. आणि तुम्ही थांबले न्हाईत."

पडद्यामागं सरांनी तोंडात रुमाल कोंबला. पोरगं बोलत होतं, सलग, गाव ऐकत होतं, विषय चालू, आपण चालू. हालचाल करायची नाही, श्वास घ्यायचा नाही. मयताचं काम त्यांना आपोआप जमत होतं.

इकडं चांदपाशांच्या दुकानात एक बाई अर्ध्या बांगड्या भरून बसली होती. चांदपाशांनी तिचा हात धरला होता आणि बोलणं मात्र बंद पडलं होतं, हे दुकान सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. "किसका बच्चा है रे? क्या बोल रहा," ते पुटपुटले. मग आवाजातली एक जागा ओळखीची वाटली, आणि ते बाईचा हात तसाच टाकून उठले आणि एक चप्पल घालून पळाले. बाई एका हातात बांगड्या घेऊन मागं.

बाजारही मागोमाग निघाला. सर गेले. केव्हा गेले? आत्ता सकाळी तर बघितले. हेच तर, माणसाचं काही खरं न्हाई. शटरं पडली. मंडप भरला. इजहारनं वर बघितलं तर समोर सगळं गाव, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि बहुतेक रडत होते. तो एकदम गप्प झाला. लोक आणखी रडले.

तेवढ्यात रामरावांची गाडी आली. ते संभाजीनगरहून एक लग्न उरकून येत होते. डोक्याला फेटा तसाच होता. हार घातलेला फोटो बघून त्यांनी फेटा काढला आणि सवयीनं माइक हातात घेतला. चालू शोकसभा बघून न बोलणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही.

"वाघमोडे सर गेले," रामरावांचा आवाज खरंच फाटला. "मी ह्या माणसाला चार दिवसांमागं म्हन्लो, विषय बंद. आन् आज ह्या लेकराचं बोलणं वेशीवरून ऐकत आलो. असा मास्तर परत होणे न्हाई! मी, रामराव, सगळ्या गावासमोर शब्द देतो. सरांच्या जागेवर ह्या संस्थेत पुन्हा कुणालाच घेणार न्हाई. त्यो विषय सरांसंगं गेला. हीच त्यांना श्रद्धांजली!"

टाळ्या वाजवायच्या की नाही हे शोकसभेत कळत नाही, म्हणून लोकांनी अर्ध्या वाजवल्या.

पडद्यामागं खुर्ची पडल्याचा आवाज आला.

आता इजहारनंच बोलायला पाहिजे होतं. फक्त तीन शब्द म्हणायचे होते: सर जिवंत आहेत. त्यानं रामरावांच्या हातातून माइक ओढून घेतला. असं धाडस त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. तोंड उघडलं. "सर," तो म्हणाला. आणि घसा बंद. मेलेल्या सरांबद्दल तो मघाशी पाण्यासारखा बोलला होता. जिवंत सरांबद्दल एक अक्षर फुटेना. "सर... सर..."

पहिल्या रांगेतल्या दोन बाया ओक्साबोक्शी रडायला लागल्या. "नको रं लेकरा, त्रास करून घेऊ," कुणीतरी म्हणालं.

मग पडदा हलला आणि फोटोच्या शेजारी, फोटोत होता तोच शर्ट घालून, वाघमोडे सर उभे राहिले.

"साहेब, मी हाय ना!" सर म्हणाले.

पुढचा काही वेळ कुणालाच नीट आठवत नाही. एक म्हातारा जागेवर बसला. बिरूनं आवाज बंद करायच्या ऐवजी वाढवला. फोटोला उदबत्ती लावायला आलेला एक जण ती उलटी धरून उभा राहिला. रेणुका एकटी ओरडत होती, "मी सांगितलं होतं! दोनदा सांगितलं होतं!" आणि मागून एक दुकानदार म्हणाला, "मंग आमी शटर फुकट पाडलं का?"

रामरावांनी एकदा फोटोकडे आणि एकदा सरांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "वाघमोडे, तुम्ही गेलेत."

"न्हाई, साहेब."

"मंग मी आत्ता काय बोललो?"

"साहेब, पण तुमची अट पुरी झाली. पोरगं बोललं. सगळ्या गावानं ऐकलं."

"बोललं. लई चांगलं बोललं. म्हणून तर शब्द दिला!" रामरावांना स्वतःलाच घाम फुटला होता. "जरा वाईट बोललं असतं तर तुम्ही वाचले असते."

"आवो, पण मी मेलेलो न्हाई!"

"त्ये मला दिसून राह्यलंय. पण शब्द शोकसभेतला हाय. चार गावची माणसं साक्षीला हायेत. उद्या लोक म्हणतील, रामरावाचा शब्द मयतापुरताच असतो, मयत उठलं की संपला. माझ्यानं न्हाई होणार." त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या दुःखात मी सहभागी हाय." आणि फेटा बांधत ते गाडीत बसले.

तेवढ्यात माळावरून बायनाबाई आली. तिकडचा कर्णा तिच्याच दिशेला होता. मेंढरं तशीच सोडून, पदर कमरेला खोचून, मोठ्यानं रडत ती मंडपात शिरली आणि समोर लेक उभा. तिचं रडणं एकदम थांबलं. तिनं जवळ जाऊन त्याचा गाल चाचपला, आणि मग त्याच गालावर सणसणीत लावली.

"मेल्या! मेला नव्हतास तर सांगायचं व्हतं की!"

सर गाल धरून उभे. बायनाबाई खाली बसली, श्वास घेतला, नाक पुसलं आणि इजहारला म्हणाली, "पळताना निम्मंच ऐकू आलं बघ. त्ये वाट बघायचं पुन्हा सांग रं. माजं लेकरू कसं थांबायचं त्ये."

इजहारनं सरांकडे बघितलं. घसा बंद.

बायनाबाई लेकाला म्हणाली, "तू जा बरं जरा आत."

वाघमोडे सर मुकाट्यानं पडद्यामागं गेले, पडलेली खुर्ची सरळ करून बसले. आणि इजहार बोलला. माइक बंद होता, बाजार पांगला होता, ऐकायला एक म्हातारी, रेणुका, आणि एका पायात चप्पल घातलेले चांदपाशा. चांदपाशांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "घर चल. दादी को सुना."

घरी अकबरबीसमोर त्याच्यानं काही बोलवेना. तिथं ना हार होता, ना फोटो.

सरांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन बघितलं. शिपायानं त्यांना पाणी दिलं, पण हजेरीला नाव नव्हतं. सरांचा फोटो मात्र कार्यालयात लागला होता, हारासकट. सर आता माळावर आईची मेंढरं वळतात. इजहार आणि रेणुका तिथं जातात. सर प्रश्न विचारतात आणि थांबतात. मेंढरंही थांबतात. जवळ येणं चालू आहे.

इजहारला बोलता येत नव्हतं, पण लिहिता येत होतं. त्यानं रात्री न जागता, भर दुपारी दुकानात बसून अर्ज लिहिला, चांदपाशांनी त्यात दोन ठिकाणी 'महोदय' वाढवलं, आणि तो रामरावांच्या बंगल्यावर रीतसर देऊन पोच घेतली:

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
यांच्या सेवेशी.

विषय : प्रात्यक्षिकाकरिता मयत म्हणून उपस्थित राहणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, प्रा. परमेश्वर वाघमोडे यांची जागा पुन्हा कधीही न भरण्याचा शब्द आपण शोकसभेत दिला असल्याने तो आपणास मागे घेता येत नाही, ही अडचण आम्हास मान्य आहे. तथापि, शोकसभेत दिलेला शब्द दुसऱ्या शोकसभेत सोडवता येतो, हे चहाच्या बाबतीत आपण स्वतःच दाखवून दिले आहे. महोदय, अडचण एवढीच की सध्या गावात योग्य असे कोणी वारलेले नाही.

सबब, येत्या बाजारच्या दिवशी होणाऱ्या प्रात्यक्षिकात आपण मयत म्हणून सहभागी व्हावे. भाषण मी करीन. सरांना परत घ्यावे ही आपली शेवटची इच्छा होती, असे मी त्यात सांगेन. गावाचा माझ्यावर विश्वास आहे. आपणास काही बोलायचे नाही, फक्त पडद्यामागे बसायचे आहे. खुर्ची तीच आहे. चहाची व्यवस्था केली आहे. मंडप बिरू यांच्याकडून दुःखाचा सांगितला असून कर्ण्यांची तोंडे या वेळी चारही दिशांना राहतील. आपला एक अलीकडील फोटो, शक्यतो फेट्यासह, कार्यालयात आगाऊ जमा करावा.

तरी साहेबांनी आपल्या व्यग्र दिनक्रमातून अर्धा तास वेळ काढून मयत होण्यास मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
इजहार चांदपाशा मणेर